शाळेपाशी रोहू

पैठणला सगळे येतात तशी मीही आले होते,
पैठणी बघायला. घ्यायला नाही.
रात्री लॉजवरच्या पोरानं रजिस्टरात गाव लिहिताना मान वर केली,
वेंगुर्ला? मग पहाटं लिलाव बघा की मासळीचा.
तुमच्यावानी नसंल. पर हाय.

मला हसू आलं.
आई म्हणायची, गोड्या पाण्यातलो मासो म्हंजे
मीठ घालूक इसरलेली पेज.
जन्मभर बंदरावर टोपली भरली तिनं,
घाट काही चढली नाही.

चार वाजता रिक्षा धरणाच्या पायथ्याशी सोडून गेली.
पत्र्याची शेड, दोन पिवळे दिवे,
हैदराबादकडं तोंड करून उभे टेम्पो,
लादीवर मोगरी हाणणारा एक पोरगा
आणि वास.
थांबून घेतला मी तो, नीट.
खार नव्हता त्यात. शेवाळ, चिखल, ओलं गोणपाट,
विहिरीत अर्ध्या पायऱ्या उतरल्यावर येतो तसं काहीतरी.

रऊफशेठ क्रेटवर चढून ओरडत होता
एकशेदहा, दहा, दहा, बारा, कोन बोललं बारा,
आणि कुणीच बोललेलं दिसत नव्हतं.
इथं बोली भुवईनं लावतात.
मी फोटोला हात वर केला
तर अख्खी शेड माझ्याकडं वळली.
ओ ताई, बघायलात का घ्यायलात?
बघतेय, म्हटलं.
मग सरका.
सरकले, ती कुणाच्यातरी पायावर.
तिथूनही सरकले.

बांगड्याचा डोळा बघून मी वार सांगते.
इथं पाटीपाटीपाशी उभी राहिले, तर नाव येईना.
तो मोठ्या डोक्याचा कोण? कटला.
हा मिशीवाला? शिंगी, हात लावू नका.
मरळ अजून जिवंत, गोणपाटाखाली
कुणीतरी झोपेत कूस बदलावी तशी.

क्रेटवर खडूनं लिहिलं होतं: शाळा. बारव. उकिरडा.
वाटलं, व्यापाऱ्यांच्या खुणा असतील.
देविदास कहार थर्माकोलच्या चप्पूवर बसून पाय पुसत होता,
त्याला विचारलं.

शाळा म्हंजे शाळा, म्हणाला.
पाण्याखाली हाय आमची. चौथीपतूर मी तितंच.
रोहू पटांगणात गावतो.
मरळ बारवेच्या अंगाला.
वाम पाटलाच्या उकिरड्यात. उकिरडा कुटं ऱ्हायला आता,
पर वामीला ठावं हाय.
आन मसणवट्याकडं?
तिकडं जाळं टाकीत न्हाई. आज्जा हाय तितं.

माझा बाप समुद्रात उभा राहून जमिनीकडं बघायचा.
रवळनाथाचा कळस आणि सावंतांचा उंच माड
एका रेषेत आले की, टाक.
देविदासला विचारलं, तुम्ही कशाकडं बघता?
तो माझ्याकडंच बघत राहिला जरा वेळ.
बघायचं काय त्याच्यात. ठावं ऱ्हातं की.

मग आपणहून म्हणाला,
एका साली पाणी पार हटलं, भिताडं वर आली.
मासा न्हवताच. दोन दोन दिस चूल न्हाई.
समदं गाव चिखल तुडवीत गेलं
आन आपापल्या दारात हुबं ऱ्हायलं.
माझी माय तर उंबरा पुसायली पदरानं.
लई वाईट साल.
आणि टॉवेल झटकून, दुसरीकडं बघत,
तसं चांगलं बी.

तेवढ्यात शाळा एकशेचोवीसला गेली.
बर्फ पडला तिच्यावर, झाकण लागलं,
टेम्पोवाल्यानं खडूचं नाव कोपरानं पुसलं.

एक रोहू मी मागून घेतला, क्रेट भरताना उरलेला,
लॉजच्या खानावळीत दिला.
त्यांनी काळ्या मसाल्यात करून आणला,
पोरगा दाराला टेकून वाट बघत.
कसाय?
काटे लई, म्हटलं.
मीठ मागितलं नाही.
एकेक काटा काढून ताटाच्या कडेला लावत गेले,
उंचीप्रमाणे, रांगेत,
प्रार्थनेला उभे करतात तसे.